त्या चिठ्ठीबद्दल, डॉक्टरबाई

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

ताईने काल ज्वारीची भाकरी खाल्ली आणि नंतर कानशील दाबत बसली नाही. ती झोपेत दात खाते, म्हणून जबड्याच्या स्नायूंत तुम्ही बोटॉक्सच्या जातीचं, स्नायू ढिला करणारं इंजेक्शन दिलंत, त्याला तीन आठवडे झाले. त्या दिवशी आभार मानले ते दारात, चपला घालता घालता. म्हणून हे उघड पत्र.

आभार इंजेक्शनचे नाहीत, ते आधीही एकाने दिलं होतं. आभार चिठ्ठीचे आहेत. न मागता तुम्ही लिहून दिलंत: १०० युनिटची (युनिट म्हणजे औषधाच्या ताकदीचं माप) बाटली, २.५ मिली सलाइनमध्ये, म्हणजे ०.१ मिलीत ४ युनिट. उजवा मॅसेटर (जबडा आवळणारा गालातला स्नायू) जाड, त्यात ४ जागा, डाव्यात ३, प्रत्येक जागी ८ युनिट. एकूण ५६. खाली औषधाचं नाव, बॅच नंबर, तारीख.

आम्ही दातांच्या धंद्यातली माणसं, म्हणून या चार ओळींचं मोल कळतं. आधीच्या ठिकाणी विचारलं तर ‘दोन्हीकडे एकेक मिली दिलंय’ एवढंच उत्तर. मिलीवरून काय कळणार? सलाइन जास्त घातलं की मिली वाढतात, औषध तेवढंच राहतं. दुधात पाणी घालणाऱ्याचा हिशेब. त्यात युनिटही कंपनीगणिक वेगळे. बोटॉक्सचे २४ आणि दुसऱ्या कंपनीच्या डिस्पोर्टचे २४ सारखेच धरले, तर डिस्पोर्टवाल्याला निम्म्याहून कमी औषध मिळतं.

त्या ठिकाणी ‘जबडा बारीक करून देऊ’ अशी पाटी होती. प्रत्येक बाजूला एकच टोचा, खोल आणि पुढे सरकलेला. दहाव्या दिवशी दात आवळले की गालात सुपारी धरल्यासारखा गोळा उठायचा. मॅसेटरच्या आत कंडरेचा पडदा असतो. औषध त्याच्या खालीच अडकलं आणि वरचा थर दुप्पट जोराने आवळू लागला. आणि पुढे सरकल्यामुळे हसण्याचा स्नायू ढिला पडला, हसू एकीकडे ओढलेलं. ‘उतरेल हळूहळू’ म्हणाले. उतरलं खरं, तीन महिन्यांनी.

तुम्ही आधी दात आवळायला लावलेत, स्नायूची पुढची कड बोटाने शोधलीत आणि कानाच्या पाळीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढलीत. सगळ्या खुणा रेघेखाली, कारण वर लाळेची नळी. पुढच्या कडेपासून १ सेंटिमीटर मागे, हाडाच्या खालच्या कडेपासून १ सेंटिमीटर वर. सुई हाडाला टेकवून थोडं औषध, मग जरा मागे घेऊन वरच्या थरात थोडं. यात जादू काही नाही, पण वेळ लागतो, आणि तो वेळच आधी कुणी दिला नव्हता.

बाटली उघडण्याआधीचे तुमचे प्रश्नही लक्षात आहेत. नैराश्याची गोळी चालू आहे का (सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी दात खाणं सुरू होऊ शकतं), घोरणं आहे का, मायस्थेनिया (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) आहे का, दिवस गेलेत का, जेंटामायसिनच्या जातीचं अँटिबायोटिक चालू आहे का. आमच्याच व्यवसायातल्या एकाने ठणक दाढेतून येतेय असं समजून धडधाकट दाढेचं रूट कॅनाल केलं होतं. नातेवाइकांनी जंताची गोळी दिली, कारण झोपेत दात खातो तो जंतवाला! त्यांना हसण्याचा हक्क आम्हाला नाही.

आणि चिठ्ठीतली ही ओळ: ‘दात खाणं थांबणार नाही, जोर कमी होईल. नाइट गार्ड सोडू नका.’ (नाइट गार्ड म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर.) पैसे घेतलेल्या माणसाने असं लिहून द्यावं, हे आता दुर्मीळ झालंय. खरं तेच आहे. आवळण्याचा हुकूम झोपेत मेंदूतून सुटतो. औषध मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन (स्नायूला निरोप पोचवणारं रसायन) अडवतं, स्नायूपर्यंत तो हुकूम पुरा पोचत नाही, एवढंच. दाढांची झीज वाचवायला ॲक्रिलिकचा कडक गार्डच लागतो. मऊ रबरी गार्ड काहीजण रात्रभर चघळतात.

पुढच्या सूचना तुम्ही एका दमात लिहिल्यात: तिसऱ्या ते सातव्या दिवशी फरक, दोन ते चार आठवड्यांत पूर्ण जोर, तीन-चार महिन्यांत ओसरणार. चकली, ऊस, सुकं खोबरं तूर्त बंद, जबडा दमतो. १२ आठवड्यांच्या आत कुणी टोचतो म्हणालं तरी नाही म्हणा, शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं.

ताईने चिठ्ठी नाइट गार्डच्या डबीत ठेवली आहे. अगदी तळाला तुम्ही ‘दुसरी वेळ’ असा रकाना आखलाय आणि त्यापुढे लिहिलंय: लागली तरच.

आपली कृतज्ञ,
ताईची धाकटी बहीण