रविवारच्या सेशनची आठवण
मंडळी, परत एकदा सांगतेय, रविवारी अमेरिकन फोटोग्राफर बार्बरा मॉर्गनच्या कामावर बोलायचंय, प्लीज वेळेवर जॉईन व्हा. मूळची पेंटर, पण १९३५ पासून मॉडर्न डान्सर मार्था ग्रॅहमचे डान्स शूट करायला, म्हणजे त्यांचे फोटो काढायला लागली, आणि मला सगळ्यात भारी काय वाटतं तर ती चालू शोमध्ये क्लिक करत बसायची नाही, आधी तो डान्स नीट बघायची मग स्टुडिओत लाईट लावून नेमका तोच क्षण पकडायची, म्हणून १९४० चा ग्रॅहमचा तो ड्रेसचा घेर हवेत उडालेला फोटो माझ्यासाठी डान्सचाही आहे आणि पोर्ट्रेटही. ग्रॅहमच्या डान्सच्या फोटोंचं तिचं पुस्तक १९४१ चं. प्रत्येकाने आपला एक डान्स फोटो आणि त्याच माणसाचं एक शांत पोर्ट्रेट पाठवा, शटर स्पीड लिहूनच, आणि फाईल म्हणून पाठवा, नाहीतर क्वालिटी जाते.