विद्यार्थ्यांच्या अतिमद्यपानाविरुद्ध फोनवरील प्रश्नावली : नेरूळकरांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी गटारीच्या रात्री दीड वाजता वॉचमनने माझ्या घराची बेल वाजवली. आमच्या इमारतीत भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी जिन्यात पडला होता. उलटी घशात अडकू नये म्हणून आम्ही त्याला कुशीवर वळवले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तसेच धरून बसलो. त्याच्या मुठीतला फोन सारखा उजळत होता आणि त्यावर 'आई' अशी अक्षरे दिसत होती. दोन दिवसांनी तो घरी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, दोनच बाटल्या घेतल्या होत्या."

तो खोटे बोलत नव्हता. 8 टक्के मद्यार्क असलेल्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे दोन बाटल्यांत 30 मिलीच्या आठ पेगांइतके. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल घेणे हे जागतिक आरोग्य संघटना अतिमद्यपान मानते. हा हिशेब त्या मुलाला कोणी सांगितलाच नव्हता, आणि आपण किती पितो हे विचारण्याची सोयही त्याला ना घरी होती, ना महाविद्यालयात.

म्हणूनच आमचे नागरिक मंडळ नेरूळ, बेलापूर आणि वाशी येथील विद्यार्थ्यांसाठी फोनवर आपोआप चालणारी प्रश्नावली सुरू करू इच्छिते. तिचा आधार आहे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी. तिच्यात 0 ते 40 गुण असतात. 8 किंवा अधिक गुण आल्यास पिणे धोक्याकडे झुकले आहे असे समजतात. उत्तरे देताच विद्यार्थ्याला त्याचे गुण, ग्रॅममधला हिशेब आणि दर शनिवारी संध्याकाळी 'आज किती घ्यायचे ठरवले आहे?' असा संदेश मिळेल. 20 किंवा अधिक गुण आले, तर यंत्राने उपदेश न करता त्याला समुपदेशकाशी जोडून द्यायचे आहे. रोज पिणाऱ्या आणि सकाळी हात थरथरणाऱ्याने अचानक दारू सोडणे जिवावर बेतू शकते, तेव्हा त्याला डॉक्टरकडेच पाठवायला हवे. नाव आणि उत्तरे महाविद्यालयाला किंवा पालकांना कळवली जाणार नाहीत, या अटीवर आम्ही ठाम आहोत, कारण ती मोडली तर एकही मुलगा खरे उत्तर देणार नाही.

पैसा लागेलच : संदेशांचे शुल्क, माहिती सुरक्षित ठेवणारा सर्व्हर आणि समुपदेशकांचे मानधन. परंतु त्याहून मोठी गरज माणसांची आहे. मुलांच्या बोलीत, दरडावणी न वाटणारे मराठी आणि हिंदी संदेश लिहिणारे हवेत, आठवड्यातून दोन तास देणारे मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि ज्यांना ही सवय सुटली आहे असे तरुण तर हवेतच, कारण संदेश कुठे खोटा वाटतो हे तेच सांगू शकतील. प्राचार्यांनी प्रवेशाच्या आठवड्यात विद्यार्थ्यांसमोर बोलण्यास दहा मिनिटे दिली तरी आमचे निम्मे काम होईल.

देणगी 200 रुपयांचीही चालेल. ती मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत स्वीकारली जाईल व पावती मिळेल. ज्यांच्या घरी आजच हा प्रश्न उभा आहे, त्यांनी आमची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर केव्हाही फोन करावा.

आपला नम्र,
कार्यवाह, नागरिक मंडळ, नेरूळ