गणपतीला का येत नाही

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं आणि आईचा आवाज उतरलेला जाणवला, म्हणून सविस्तर लिहिते. यंदा गणपतीला ठाण्याला येणं जमणार नाही. सुट्टी मागितली तर मिळेल. पण नदीतल्या किड्यांच्या ज्या अभ्यासासाठी ऐरोलीची नोकरी सोडून इथे ऑस्ट्रियात आले, त्यातला सगळ्यात मोलाचा भाग नेमका त्याच दिवसांत आहे. बाबा, तुम्ही विचारलंत, "नदीत उभं राहायला विद्यापीठ कशाला लागतं?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फोनवर देण्यासारखं नाही.

इन्सब्रुक विद्यापीठाचं संशोधन केंद्र ओबरगुर्गल या गावात आहे, १,९०० मीटरच्या वर. आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा त्याच्या खाली राहील. गावाच्या वरच्या हिमनदीतून रोटमोसआखे नावाचा ओढा उतरतो. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं, कारण हिमनदी सरकताना खालचा खडक घासून त्याचा बारीक भुगा करते आणि तो भुगा पाण्यात तरंगतच राहतो. उन्हाळ्यात ऊन चढेल तसा बर्फ वितळतो, त्यामुळे हा ओढा रोज चढतो आणि रोज उतरतो. सकाळी घोट्याला लागणारं पाणी दुपार कलेपर्यंत गुडघ्याला येतं. म्हणून पलीकडच्या काठाचं काम आम्ही आधी उरकतो आणि जेवणाच्या आत अलीकडे परततो. पाण्यात एकट्याने कोणी उतरायचं नाही, हा इथला पहिला नियम आहे. आई, एवढं वाचून तरी तुझी काळजी कमी होऊ दे.

काम असं असतं. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, त्याच्या पुढ्यातले दगड हाताने घासायचे, तळ बुटाने ढवळायचा. जे सुटेल ते वाहत जाळ्यात येतं. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसती वाळू दिसते, मग वाळूचे कण चालायला लागतात. सर नाव सांगत नाहीत. "श्वास कशाने घेतोय?" एवढंच विचारतात. शेपट्या मोजायच्या नाहीत, त्या तुटलेल्या असू शकतात. पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे पातळ कल्ले दिसले की ते मेफ्लायचं, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका पंखवाल्या किड्याचं पिल्लू. त्यातली एक जात दगडाला इतकी चपटी चिकटलेली असते की बोट फिरवलं तरी कळत नाही. पाणी कितीही जोरात असलं तरी दगडाच्या अगदी पृष्ठभागालगत त्याचा वेग फार कमी असतो. तिथे मावायचं तर चपटंच असायला हवं. बी.एस्सी.ला मी याच किड्याची आकृती काढून मार्क मिळवले होते. तो चपटा का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. बाटलीतल्या फॉर्मॅलिनमध्ये बघून ते सुचणारही नव्हतं.

हिमनदीच्या तोंडाशी पाणी दोन अंशांच्याही खाली असतं. तिथे डायामेसा नावाच्या बारीक माशीच्या अळ्या सापडतात, जवळजवळ त्याच. ओढ्याच्या काठाने खाली उतरत गेलं की पाणी जरासं कोमट होतं, ट्रेमध्ये मेफ्लाय येतात, मग स्टोनफ्लाय, मग खड्यांचं घर अंगावर घेऊन फिरणारे कॅडिसफ्लाय, असे पाण्यात वाढणारे दुसरे किडे. शेजारीच झऱ्याच्या पाण्यावर चालणारा ओहोळ आहे, नितळ आणि शेवाळलेला, त्यात किती तरी जास्त जाती. हिमनद्या आटत चालल्या आहेत, तसे ओढेही झऱ्याच्या पाण्याकडे झुकतील. वरवर बघता जाती वाढल्यासारखं दिसेल, पण डायामेसाला जायला आणखी वर जागाच उरणार नाही. हे मला फार लागतं. नुसता जातींचा आकडा सांगून नदीची तब्येत कळत नाही.

आता सप्टेंबरचं. उन्हाळाभर हा ओढा कुणाला धड बसू देत नाही, गढूळ पाणी, रोज सरकणारे दगड. सप्टेंबरात रात्री गारठतात, वितळणं मंदावतं, पाणी कमी होऊन निवळतं. उजेड तळापर्यंत पोचतो, दगडांवर हायड्रुरस नावाचं तपकिरी, उग्र वासाचं शेवाळ धरतं आणि किड्यांची संख्या वाढते. हिवाळा बसेपर्यंत मधले थोडेच आठवडे मिळतात. आत्ताच्या नमुन्यांशेजारी तेव्हाचे नमुने नसतील तर माझ्या प्रबंधात अर्धाच ओढा येईल.

आल्प्समधल्या बऱ्याच नद्या धरणांनी बांधलेल्या आहेत. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, कमी झाली की तुटतं. एका झटक्यात किडे वाहून जातात आणि मासळीची पिल्लं काठावर कोरडी पडतात. हे शिकताना मला कोलाडची कुंडलिका आठवली. तिथेही सकाळी वीज केंद्राचं पाणी सुटतं, त्यावर राफ्टिंग चालतं, नंतर दगड उघडे पडतात. त्या दगडांखाली काय जगतं, हे बघायला विद्यार्थ्यांना घेऊन गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून बाबा, इथे पुढे राहायचा माझा विचार नाही. राजमाचीच्या बाजूला उगवून कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे येणारी उल्हास आपल्या दाराशी आहे. कर्जत लोकलने जाऊन दिवसभरात मुलांना तिचे तीन-चार टप्पे सहज दाखवता येतील. वेळापत्रक वेगळं लागेल, आपल्याकडे पाऊस संपून पाणी निवळलं की सुरुवात करायची. जाळं, ट्रे, चिमटा, भिंग आणि थर्मामीटर, एवढ्यावर पहिलं वर्ष निघेल. कॉलेजं मुलांना डोंबिवलीच्या पुढे न्यायला तयार होतील का, तीच खरी अडचण. ते मी आल्यावर बघते. तुमचे जुने सहकारी प्राध्यापक आहेत ना, त्यांच्या कानावर आत्ताच घालून ठेवाल का?

आई, २१ मोदक एकटीने वळत बसू नकोस. वहिनी येईलच, आणि उरलेले नौपाड्यातून आणले तर बाप्पा रागावणार नाही. बाबांनी गुडघा सांभाळून विसर्जनाला जवळच्या कृत्रिम तलावावरच जावं, मूर्ती दादाने धरावी. आरतीपेक्षा प्राणप्रतिष्ठेच्या वेळी व्हिडिओ कॉल करा. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे इथले साडेपाच. तेव्हा मी केंद्रावरच असते. नंतर ओढ्याकडे निघाले की वर रेंज नसते.

तुमची,
मनू