गच्चीवरचं ऊन आणि आण्णांची विडी

पुणे, रविवार

ती. आण्णा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादानं तुमचे दोघांचे रिपोर्ट पाठवले. आईचं व्हिटॅमिन डी ११ आणि आण्णांचं १४. हा आकडा २० च्या खाली गेला की डॉक्टर कमतरता धरतात, त्यामुळं दोघांनाही आठवड्याला एक अशा पुड्या लिहून दिल्या ते बरोबरच झालं. पण काल फोनवर आण्णा म्हणाले, "पुडी चालू केलीय, हाडं व्हतील आता पयल्यासारखी. तू विडीचं काय काढू नगंस." तेव्हापासून ते वाक्य डोक्यात घोळतंय. फोनवर हा विषय निघाला की आण्णा द्राक्षबागेचं काढतात, आई मध्ये पडते आणि बोलायचं राहून जातं. म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा.

आधी आईचं. आई, तू विचारलंस, जन्मभर उन्हात राबले, मग मलाच उन्हाचं जीवनसत्त्व कसं कमी पडलं? तुझा प्रश्न रास्त आहे. गावी कुंडलला होतो तेव्हा ऊन मुद्दाम घ्यावं लागत नव्हतं. भांगलण, बागेतली विरळणी, अंगणातलं वाळवण, दारात भांडी घासणं, या सगळ्यात ते आपोआप अंगावर पडायचं. तुझ्या गुडघ्यांसाठी आणि दवाखाना जवळ म्हणून आपण सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट घेतला. तो निर्णय चांगलाच होता, पण तिथं तुझा दिवस स्वयंपाकघर, देवघर आणि काच लावलेली बाल्कनी एवढ्यातच जातो. बाल्कनीत ऊन येतं, ऊबही लागते, पण ज्या किरणांनी कातडीत व्हिटॅमिन डी तयार होतं ते अतिनील-बी किरण काचेतून आत येतच नाहीत. शिवाय वयानं कातडी पातळ होते. सत्तरीतलं माणूस तेवढ्याच उन्हात विशीतल्या माणसाच्या साधारण पाव हिश्श्याइतकंच डी बनवतं.

कातडीत तयार झालेलं डी आधी यकृतात जातं, मग मूत्रपिंडात, आणि दोन्हीकडं बदल होऊन मगच ते कामाला लागतं. त्याचं मुख्य काम म्हणजे आतड्यातून कॅल्शियम रक्तात घेणं. डी पुरेसं असेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के अंगी लागतं, नसेल तर जेमतेम १० ते १५ टक्के. आण्णा, बागेत खताची पोती रिकामी केली आणि ठिबकच बंद ठेवलं, तर मुळांना काय मिळणार? तसंच हे आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर थांबून राहत नाही, ते हाडातून काढून घेतं. लहानपणी हे झालं तर मुडदूस होतो आणि पाय वाकतात. मोठेपणी हाडं मऊ पडतात, कंबर आणि मांड्या ठणकतात, स्नायूंचा जोर जातो. आई, तू खाली बसलीस की मांडीवर हात टेकून, "अगं बाई" म्हणत उठतेस आणि त्याला वय झालं म्हणतेस. ते सगळंच वयाचं नसेल. डी भरून आलं की त्यातलं बरंचसं कमी होऊ शकतं.

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात बसा, असं तुम्हाला सोसायटीतले सगळे सांगत असतील. ते ऊन थंडीत बरं वाटतं, पण डीसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. त्या वेळी किरण तिरपे येतात, हवेचा जाड थर कापून येतात आणि अतिनील-बी वाटेतच गळून जातं. साधी खूण सांगते: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात डी तयार होतं. सांगलीत आत्ता थंडीतसुद्धा साधारण सव्वाअकरा ते पावणेदोनपर्यंत सावली आखूड असते. उन्हाळ्यात तर साडेनवानंतरच, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस भर दुपारी सावली पायाखालीच जाते. म्हणून आत्ता साडेअकराला गच्चीवर जा. हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून अर्धा तास बसा, आठवड्यातून चार-पाच दिवस. डोक्यावर टोपी किंवा पदर असू दे. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी अजिबात जायचं नाही. साडेनऊ-दहाला थोडा वेळ बसून खाली यायचं. त्या महिन्यांत सांगलीचं ऊन म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.

आप्पा आजोबांची फार आठवण येते हे लिहिताना. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. आप्पांनी तो नेम म्हातारपणापर्यंत सोडला नाही. उघड्या अंगानं नमस्कार, मग तसेच मळ्यात. व्हिटॅमिन डी हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नसेल, पण त्यांची पाठ शेवटपर्यंत ताठ होती.

खाण्यातून डी फार थोडं मिळतं. तेलकट मासे आणि अंड्याचा पिवळा बलक यांत असतं, आणि आई तर माळकरी. दूध घेताना पिशवीवर निळ्या रंगात 'प्लस एफ' ही खूण आहे का बघा. त्या दुधात ए आणि डी वरून घातलेलं असतं. कॅल्शियमसाठी मात्र बाहेर बघायची गरज नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध-दही, शेवग्याचा पाला, सगळं घरचंच आहे.

पुड्यांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. रोजची गरज ६०० ते ८०० युनिट. डी पाण्यात विरघळून लघवीवाटे निघून जाणारं नाही, ते चरबीत साठतं. आमच्या मेडिकलमध्ये एक काका आले होते. आठवड्याची पुडी ते महिनाभर रोज घेत होते, लवकर बरं वाटावं म्हणून. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. त्यांना ॲडमिट करावं लागलं. त्यामुळं डॉक्टरांनी जितके आठवडे लिहिलेत तितकेच घ्या आणि नंतर रक्त तपासून मगच पुढचं ठरवा. शेजारच्या काकूंना गुडघेदुखी आहे म्हणून तुमची पुडी त्यांना देऊ नका.

आण्णा, आता तुमच्याशी.

गेल्या पावसाळ्यात तुम्ही जिन्यात घसरलात आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघायच्या तारखेला हाड धड जुळलेलं नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो विडीचा. तुम्ही तेव्हा रागावलात, पण त्यांनी उगीच विचारलं नव्हतं. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. हाड जुळायला रक्त लागतं, ऑक्सिजन लागतो, आणि नेमकं तेच कमी पडतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या आतड्यात कॅल्शियम कमी शोषलं जातं, त्यांच्या रक्तातलं डीसुद्धा सरासरीनं कमीच आढळतं. म्हणजे रविवारी पुडी जे हाडाला द्यायला बघते, ते विडी सोमवारपासून पुन्हा ओरबाडते.

तुम्ही म्हणता, सिगारेट वाईट, विडी काय, पान आणि तंबाखू. पण तेंदूचं पान नीट जळत नाही, विडी सारखी विझते, म्हणून तुम्ही जोरानं आणि पुन्हा पुन्हा झुरके घेता. आत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त जातं. तंबाखूच्या धुरात ७,००० च्या वर रसायनं आहेत आणि त्यातली सत्तरेक कॅन्सर करणारी आहेत. सकाळचा तुमचा खोकला द्राक्षावरच्या फवारणीचा नाही. फवारणी सोडून किती काळ झाला.

गोळीनं विडीची भरपाई होईल, हा विचार तुमचा एकट्याचा नाही. फिनलंडमध्ये हे खरोखर करून पाहिलं. पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे २९,००० सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांपैकी काहींना वर्षानुवर्षं बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. गाजरातलं तेच, फुप्फुसाचा कॅन्सर टळेल या आशेनं. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत तोच कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. डीचीही अमेरिकेत मोठी परीक्षा झाली. सुमारे २६,००० लोक, निम्म्यांना रोज २,००० युनिट, पाचेक वर्षं. २०१९ मध्ये छापलेला निकाल असा की कॅन्सर किंवा हार्ट ॲटॅक होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. ज्याच्या अंगात डी खरोखर कमी आहे त्याला ते द्यायलाच हवं, हाडांसाठी द्यायला हवं. पण धुराच्या विरुद्ध ते उभं राहत नाही. मी दिवसभर औषधंच विकते आण्णा, आणि विडीची भरपाई करणारी गोळी माझ्या एकाही कप्प्यात नाही.

"आता या वयात सोडून काय मिळणार?" हे तुमचं शेवटचं वाक्य असतं. त्याचं उत्तर एका इंग्रज डॉक्टरनं काढून ठेवलंय. रिचर्ड डॉल त्यांचं नाव. १९५१ पासून त्यांनी ३४,००० हून जास्त ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू नोंदवले, थेट पन्नास वर्षं. २००४ साली हिशोब मांडला. सतत ओढत राहिलेले सरासरीनं दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही वर्षं वाचवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनी तीन. डॉल स्वतः आधी सिगारेट ओढत होते, आपलेच सुरुवातीचे आकडे पाहून त्यांनी सोडली. तुमची साठी उलटून फार झालेलं नाही. मला ती वर्षं हवी आहेत. दादाच्या पोरीलाही हवी आहेत, ती तुमच्याशिवाय जेवत नाही.

आणि आईचा विचार करा. तुम्ही बाल्कनीत ओढता, दार लोटलेलं असतं, तरी धूर आत येतो. तिनं आयुष्यात विडीला हात लावला नाही. आजीची मिश्री भाजताना घरभर ठसका लागायचा तेव्हाही ती पदर लावून बाहेर जायची. आता या वयात ती जाणार कुठं?

सोडायचं कसं, ते दोघांनी मिळून ठरवा, पण मला जे माहीत आहे ते सांगते. पहिले तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग दोन-चार आठवड्यांत चिडचिड आणि तलफ उतरत जाते. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ खाली एक चक्कर मारा, बडीशेप चघळा, दादाला फोन लावा. सकाळी विडीशिवाय पोट साफ होत नाही म्हणता, ते खरं आहे. निकोटीननं आतडी हलतात. त्यासाठी रात्री कोमट पाण्यात इसबगोल घ्या आणि सकाळी दोन तांबे पाणी प्या, थोड्या दिवसांत शरीर आपली वेळ धरतं. निकोटीनचा डिंक, म्हणजे गम, मी घेऊन येते. बीपीच्या डॉक्टरांना विचारूनच चालू करू. तो च्युइंगमसारखा भराभर चावायचा नाही. चार-दोनदा चावून तोंडात चुणचुण लागली की गालात धरून ठेवायचा. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर तो लागू पडत नाही. सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथं सोडायला मदत करतात. विडी सोडून चुन्याबरोबर तंबाखू मळायला मात्र लागू नका. आपल्याकडं पुष्कळजण तसं करतात आणि मग मिरजेला तोंडाच्या ऑपरेशनला जातात.

आई, तू बंडल लपवू नकोस, त्यानं ते जास्त चिडतात. फक्त साडेअकराला त्यांना घेऊन गच्चीवर जात जा. सध्या ते एकटेच वर जातात, ते कशासाठी हे तुलाही माहीत आहे. तू बरोबर असलीस की खिशात हात जाणार नाही, आणि दोघांनाही ऊन मिळेल.

संक्रांतीला येतेच आहे. दादाला सांगा, बागेतली पहिली पेटी ठेवून द्या.

तुमची लेक

ता. क. पुडी जेवणानंतर, साय असलेल्या कोमट दुधातून घ्या, तुपा-दुधाबरोबर ती नीट अंगी लागते. घेतली की लगेच कालनिर्णयवर त्या रविवारी फुली मारा, आईची निळी आणि आण्णांची लाल. एखादा रविवार चुकला तर दुसऱ्या दिवशी घ्या, पण दोन एकदम घेऊ नका.