गाडी विकण्याआधी

चिपळूण

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, एजंट सांगतोय गाडीला फुल पेंट मारून घ्या, इंजिन धुऊन चकाचक करा, दोन साठच्या जागी तीन लाख येतील. मी तेव्हा नुसतं 'थांब' म्हणालो. का, ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

तुझी वॅगन-आर एमएच-०८ची, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या नंबरची आहे. पुण्यातलं जाणतं गिऱ्हाईक नंबर प्लेट बघेल आणि पहिलं हेच मनात आणेल, की ही २०२१च्या पुरात होती का? २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. अशा गावच्या गाडीला वरपासून खालपर्यंत नवा रंग दिसला की माणूस म्हणणार, काहीतरी झाकलंय. पदरचे पैसे घालून विकतचं दुखणं कशाला?

शरदकाकाची गोष्ट तुला पूर्ण माहीत नाही. २०२२ साली त्याने जुनी गाडी घेतली तेव्हा मला सोबत नेलं, एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस म्हणून. मी इंजिनचा आवाज ऐकला, ऑइल बघितलं, एक चक्कर मारली आणि 'घे' म्हटलं. सहा महिन्यांत काचा वर-खाली होईनात, एअरबॅगचा दिवा विझेना, वायरिंग हिरवं पडलेलं. मग मी ड्रायव्हरचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी आपण तो हातभरच ओढतो, आत गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. त्यावर तांबूस गाळाची रेघ होती. नखाने खरवडली तर माती निघाली. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातही तोच गाळ वाळून बसला होता. भावाचे पैसे माझ्या शब्दावर गेले, ते मला अजून सलतं.

तेव्हा तुझ्या गाडीची किंमत वाढवायची ती इथून. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी तूच चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखव. डिकीतली मॅट उचल, स्टेपनी बाहेर काढ, सीटखालच्या रुळांवर मोबाइलचा उजेड पाड. पुराच्या त्या आठवड्यात गाडी पुण्यात सर्व्हिसिंगला होती. त्याचं जॉब कार्ड निळ्या फायलीत आहे, त्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले आहेत. ते सगळ्यात वर ठेव. खाली बाकीची बिलं तारखेप्रमाणे लाव, म्हणजे मीटर मागे फिरवलेला नाही हेही न सांगता कळेल. ही फाइल तू आळस न करता जपलीस याचं मला फार बरं वाटतं.

मागच्या उजव्या दारावरचा पोचा तसाच राहू दे. लांबी (पुट्टी) भरली की त्या जागी चुंबक नीट धरत नाही, आणि आता तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊनच लोक येतात. कंपनीचा रंग शाबूत असलेलं दार पोच्यासकट चांगलं. 'हा पोचा पार्किंगमधल्या खांबाचा' असं सरळ सांग. पुढचा बंपर खरचटलाय तेवढा मात्र करून घे, तो प्लॅस्टिकचाच आहे.

खरा फरक पडेल तो हेडलाइटने. काच पिवळी पडली की गाडी आहे त्यापेक्षा म्हातारी दिसते. भोवती मास्किंग टेप लाव, पाणी मारत हजार नंबरचा पॉलिश पेपर फिरव, मग दोन हजारचा, शेवटी रबिंग कंपाउंड. वर क्लिअर कोट मारून घे, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. स्वतः करणार नसशील तर डिटेलिंगवाला करून देईल.

इंजिनवर पाण्याचा फवारा मारू देऊ नकोस. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, आणि धुतलेलं इंजिन दिसलं की डेपोत आम्ही आधी गळती कुठे ते शोधायचो. कोरड्या फडक्याने पूस, बस्स. अत्तराची बाटलीही काढून टाक, ओलसर वास दाबलाय असं वाटतं. त्यापेक्षा दोन दिवस दारं उघडी टाकून उन्हात ठेव. ऑइल आणि एअर फिल्टर बदल. चार नवे टायर घालू नकोस, ते पैसे वसूल होत नाहीत. आणि कोणी बघायला येणार असेल तर आधी गाडी चालू करून ठेवू नकोस, थंड इंजिनच त्याच्यासमोर चालू कर.

आता कागद. कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव अजून आहे. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते आधी उतरव. त्या एका ओळीपायी गिऱ्हाईक भाव पाडतं. पीयूसी चालू ठेव, ई-चलन बाकी असेल तर भर. तू पाच वर्षांच्या वर एकही क्लेम घेतलेला नाहीस, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमाहप्त्यातली सूट) आहे. तो गाडीचा नाही, तुझा आहे. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलंस तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो.

एजंट गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या मागेल. देऊ नकोस. घेणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सही नाही. विकल्याची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, ती तू स्वतः दे. आरसीवर नाव तुझं राहिलं आणि पुढे अपघात झाला तर जबाबदार तूच, असं २०१८ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय. नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नकोस. फास्टॅग त्याच दिवशी बंद कर.

दुसरी किल्ली देवघराच्या खणात सापडली. गिऱ्हाईक ती हमखास मागतं. रविवारी प्रसाद पुण्याला येतोय, त्याच्याकडे देतो. आईने कोकमं आणि आगळही बांधून ठेवलंय. आगळाची बाटली गाडीत सांडू देऊ नका.

तुझा,
बाबा