नजर चुकवली म्हणजे खोटं?

महोदय,

नजर चुकवणारा खोटं बोलतो, हा समज जगभर आढळतो आणि तो निरपराधांच्या मुळावर येतो. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखताना माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं! लाजाळू मुलाची, घाबरलेल्या साक्षीदाराचीही नजर खाली जाते, ओठ कोरडे पडतात. भीती खरं बोलणाऱ्यालाही वाटते. सराईत खोटारडा मात्र डोळ्यांत डोळे घालून बोलू शकतो. पालक, शिक्षक, चौकशी अधिकारी यांनी चेहऱ्यावरून निकाल देणं कृपया थांबवावं. मोकळे प्रश्न विचारावेत, समोरच्याला सविस्तर बोलू द्यावं आणि त्याने सांगितलेला तपशील पुराव्याशी ताडून पाहावा.

– एक वाचक