मंत्रिमहोदय, निविदा न भरण्याचा निर्णय तरी आम्हाला वेळेत घेऊ द्या

प्रति,
माननीय मंत्री,
सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सरकारी खरेदीत लघुउद्योगांचा वाटा वाढला पाहिजे, हे आपलं मंत्रालय गेली अनेक वर्षं सांगत आलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं मागणं वेगळं आहे. आम्हाला आणखी निविदा नकोत. समोर आलेली निविदा आपल्या कामाची आहे की नाही, हे अर्ध्या तासात कळावं, एवढंच हवं आहे.

मी पत्र्याची कपाटं आणि रॅक बनवतो. मोठ्या कंपन्यांकडे निविदा भरायला स्वतंत्र माणसं असतात. आमच्यासारख्यांकडे मशीन बंद झाल्यावर मालकच चष्मा लावून बसतो. निविदा मिळाली नाही तर आमचं फारसं बिघडत नाही. चुकीची निविदा मिळाली तर मात्र वर्ष जातं. त्यामुळे दर किती भरायचा याआधी भरायचं की नाही हे ठरवणं, हाच आमचा खरा धंदा आहे. आणि नेमकं तेच ठरवायला लागणारी माहिती निविदेत नसते, किंवा असेल तर अशा ठिकाणी असते की सापडेपर्यंत मुदत संपत आलेली असते.

जेम या सरकारच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरची बोली मी मागून पुढे वाचतो. पहिल्या पानावरचा तक्ता नीटनेटका असतो: मुदत, नग, किमान उलाढाल, अनुभवाची वर्षं. खरी मेख शेवटी, खरेदीदाराने स्वतःच्या घातलेल्या जादा अटींमध्ये. कधी त्या वेगळ्या फाइलमध्ये जोडलेल्या असतात, त्याही तिरक्या स्कॅन केलेल्या. रॅकचीच निविदा घ्या. पत्र्याची जाडी, एका फळीवर किती किलो भार, पावडर कोटिंग किती मायक्रॉन, इथपर्यंत सगळं रास्त. मग खाली एक ओळ येते: नेमक्या याच मापाच्या रॅकचा, बोली लावणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा, एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल बोलीसोबत जोडावा आणि तो निविदा निघण्याच्या तारखेपूर्वीचा असावा. मापं मिलिमीटरपर्यंत दिलेली. आता आज निघालेल्या निविदेतल्या मापाचा जुना अहवाल कोणाकडे असणार? ज्याला ते माप आधीपासून ठाऊक होतं त्याच्याकडे. ही ओळ दिसली की मी फाइल बंद करतो. जो पुढून वाचतो, तो बिचारा कागदपत्रं गोळा करून, दर काढून, मग या ओळीपाशी येतो.

तसंच माल पोचवण्याच्या पत्त्याचं. बोलीच्या कागदावर माल घेणाऱ्या कार्यालयाचा पत्ता म्हणून चांदण्यांची रांग छापलेली असते आणि पुढे फक्त गावाचं नाव. त्यामागे काही कारण असेल. पण कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं आहे की तळमजल्यावर, ट्रक आवारात जातो की रस्त्यावरून हातगाडी लावायची, यावर आमचा नफा ठरतो. आम्ही अंदाजाने भाडं धरतो. जास्त धरलं तर निविदा जाते आणि कमी धरलं तर पदरचे पैसे जातात.

आता सवलतींबद्दल. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरण आदेशाने केंद्राची मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रम यांना सूक्ष्म व लघुउद्योगांकडून खरेदीचं लक्ष्य घालून दिलं. २०१५ पासून २० टक्के बंधनकारक झाले, २०१८ च्या दुरुस्तीने ते २५ टक्क्यांवर गेले. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. निविदेचे कागद मोफत आणि बयाणा रक्कम, म्हणजे बोलीसोबत भरायची अनामत, माफ. आदेश चांगलाच आहे. पण बयाणा माफ झाल्याचा एक परिणाम मी रोज बघतो: ‘काही जात तर नाही ना, भरून ठेवू’. नवी पोरं दिसेल ती निविदा भरतात. खर्च निविदा लागल्यानंतर सुरू होतो, हे त्यांना निविदा लागल्यावरच कळतं.

कारण बयाणा माफ असला तरी निविदा लागल्यावर हमी म्हणून भरायची सुरक्षा अनामत माफ नाही. सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार ही अनामत कंत्राटातल्या सगळ्या जबाबदाऱ्या संपल्यानंतर, म्हणजे हमीचा कालावधी धरून, पुढे आणखी ६० दिवस वैध ठेवावी लागते. समजा २० लाखांची ऑर्डर आहे, अनामत पाच टक्के आणि हमी तीन वर्षांची. म्हणजे एक लाख रुपये तीन वर्षं आणि दोन महिने अडकले. बँक गॅरंटी दिली तरी बँक त्याबदली मुदत ठेव मागते, म्हणजे पैसे अडकतातच. अशा चार ऑर्डरी घेतल्या की पत्रा घ्यायला खेळतं भांडवल उरत नाही आणि कारखाना ‘भरपूर काम असूनही’ बंद पडायच्या बेतात येतो. माघार घेतली तर निविदांमधून दोन वर्षांपर्यंत बाद होण्याची टांगती तलवार आहेच.

दरातल्या प्राधान्याचंही तेच. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि आमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर २५ टक्क्यांपर्यंतचा माल आम्हाला मिळू शकतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्हाला १५ टक्के जास्त भाव मिळतो. तसं नाही. मिळते ती त्या कंपनीच्याच दराला उतरण्याची संधी. ज्याने हजार टन पत्रा एकदम उचलला, त्याच्या दराला आम्ही उतरायचं. त्यामुळे आपण किती खाली जाऊ शकतो हा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवावा लागतो. रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे एकमेकांपेक्षा दर खाली आणत जाण्याची ऑनलाइन बोली, सुरू झाल्यावर, घड्याळ उलटं पळत असताना, भलेभले वाहवत जातात.

पात्रतेच्या अटी तर वेगळ्याच. केंद्रीय दक्षता आयोगाने १७ डिसेंबर २००२ च्या ज्ञापनात एक चौकट दिली होती: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन समान कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० टक्के. म्हणजे ५० लाखांच्या कामासाठी २० लाखांची तीन, किंवा २५ लाखांची दोन, किंवा ४० लाखांचं एक काम आणि १५ लाखांची उलाढाल. मला ही चौकट मान्य आहे. ती कडक असली तरी दोन मिनिटांत हिशेब होतो आणि आपण बसतो की नाही ते कळतं. अडचण ‘समान’ शब्दाची व्याख्या खरेदीदार आपल्या सोयीने आवळतो तेव्हा होते. ग्रंथालयाला रॅक दिलेल्याला अभिलेख कक्षाच्या रॅकचा अनुभव नाही म्हणून बाद केलेलं मी पाहिलं आहे.

सरकारच्या सूचनांप्रमाणे गुणवत्ता आणि तांत्रिक निकष पाळून लघुउद्योगांना अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येते. जेमच्या कागदावर त्यासाठी ओळ आहे, तिच्यापुढे ‘येस’ किंवा ‘नो’. ‘नो’ का, हे लिहिण्याची सक्ती नाही. साध्या टेबल-खुर्च्यांसाठी ‘नो’ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला दोन ओळींत कारण लिहायला लावलं, तर निम्मे ‘नो’ आपोआप ‘येस’ होतील असा माझा अंदाज आहे.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पैसे कधी मिळणार? लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याचं कलम १५ सांगतं की ठरलेली मुदत काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे जाता येणार नाही. कलम १६ प्रमाणे उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. जेमवर तर माल स्वीकारल्याचा दाखला निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. कागदावर याहून चांगलं संरक्षण कुणाला हवं? प्रत्यक्षात आम्ही व्याज मागत नाही, कारण ज्या कार्यालयाकडे व्याज मागितलं त्याच कार्यालयाला पुढच्या वर्षी माल विकायचा असतो. मुदत उलटून बिलासाठी गेलं की उत्तर मिळतं, ‘हेडमध्ये पैसे आले नाहीत.’ मग निविदा कोणत्या भरवशावर काढली होती, हे विचारायचं धाडस होत नाही.

म्हणून निविदा भरण्याआधी आम्ही काय करतो? फोन. तिथे आधी माल दिलेला कोणीतरी शोधायचा आणि विचारायचं, ‘तिकडचं बिल किती दिवसांत निघतं?’ ज्याच्या ओळखी आहेत त्याला उत्तर मिळतं. नवखा, किंवा दुसऱ्या जिल्ह्यातला, आंधळेपणाने भरतो. ही माहिती सरकारकडे नाही असं थोडंच आहे? दाखला कधी निघाला आणि पैसे कधी सुटले, या तारखा बहुतेक ऑर्डरींमध्ये जेमच्याच नोंदीत असतात. मागच्या बोलीत किती जण होते आणि दर काय आले, हेही पोर्टलवर शोधता येतं, शोधायचं कसं हे माहीत असेल तर.

माझी मागणी त्यामुळे खर्चिक नाही. प्रत्येक निविदेच्या पहिल्या पानावर काही गोष्टी ठळक छापायला लावा. या खरेदीसाठी निधी मंजूर आहे का आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली. या कार्यालयाने मागच्या वर्षी बिलं सरासरी किती दिवसांत दिली. हीच वस्तू मागच्या वेळी घेतली तेव्हा किती बोली आल्या, त्यातल्या किती तांत्रिक छाननीत बाद झाल्या आणि शेवटचा दर काय होता. सवलत नाकारली असेल तर कारण. आणि माल कुठे, कोणत्या मजल्यावर उतरवायचा. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत शुद्धिपत्रक काढून तपशील बदलला, तर मुदत आपोआप पुढे जावी, हेही त्यात बसवता आलं तर उत्तम. वित्त मंत्रालय आणि वाणिज्य मंत्रालय यांची संमती लागेल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला. या दोघांकडे आमच्या वतीने बोलणारं दुसरं कोणी नाही.

आपलं ‘संबंध’ पोर्टल सार्वजनिक उपक्रमांनी लघुउद्योगांकडून किती खरेदी केली ते मोजतं. एकच बोली पात्र ठरली अशा निविदा किती, आणि लघुउद्योगांच्या बोली कोणत्या अटीवर बाद झाल्या, हेही त्यातच मोजायला घ्या. २५ टक्क्यांचं लक्ष्य पूर्ण झालं म्हणजे ती खरेदी चार-पाच नेहमीच्या पुरवठादारांकडून झाली नाही, असं सिद्ध होत नाही.

देशभर एकदम करणं जड वाटत असेल तर आपल्याच मंत्रालयाच्या आणि त्याखालच्या संस्थांच्या खरेदीपासून सुरुवात करा. मात्र डिसेंबरच्या आत करा. जानेवारीनंतर सगळी कार्यालयं निधी परत जाऊ नये म्हणून धडाधड निविदा काढतात आणि वर्षातल्या सगळ्यात वाईट निविदा आम्ही त्या तीन महिन्यांतच भरतो.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक